समुद्रात न बुडलेला प्रकल्प

वाशिष्ठी ही कोकणातल्या इतर नद्यांसारखीच आखूड नदी. सह्याद्रीवरून उतरायचं, चिपळूणला वळसा घालायचा आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र गाठायचा, एवढाच तिचा प्रवास. पण महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासात तिला जी जागा आहे ती गोदावरीला नाही आणि भीमेलाही नाही. तिच्या वरच्या अंगाला, पोफळी-अलोऱ्याच्या डोंगरात, कोयनेचं पाणी बोगद्यांतून खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत येऊन मिळतं. तिच्या मुखाशी, अंजनवेलच्या पठारावर, नैसर्गिक वायूवर चालणारं वीज केंद्र उभं आहे. दोघांची क्षमता जवळपास सारखी. कोयना सगळे टप्पे धरून सुमारे १,९६० मेगावॉट, दाभोळ १,९६७ मेगावॉट. कोयनेची पहिली जनित्रं १९६२ साली फिरली आणि तो प्रकल्प आजही राज्याची संध्याकाळची गरज भागवतो. मुखाजवळचा प्रकल्प मात्र तीस वर्षांत तीनदा ठप्प झाला, आणि एकदाही त्याला थांबवलं ते यंत्राने नव्हे. दोनदा कागदाने थांबवलं, एकदा इंधनाने.

नीरा-भीमेच्या खोऱ्यातल्या वाचकाला ही कोकणातली गोष्ट दूरची वाटेल. बारामती-इंदापूरच्या आभाळात धूर दिसतो तो साखर कारखान्यांच्या धुराड्यांचा. कोळशाचं किंवा वायूचं मोठं वीज केंद्र तिथल्या नदीकाठाने पाहिलेलं नाही. तरी या गोष्टीचे धागे तिथपर्यंत पोचतात. कोयनेचं जे पाणी पश्चिमेला वळतं ते मूळचं कृष्णा खोऱ्याचं. बच्छावत लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, आणि कृष्णा-भीमा स्थिरीकरणाची चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या इंदापूरकराला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. दाभोळचा मूळ करार झाला तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचे होते. आणि त्या कराराचं बिल ज्या वीज मंडळाने भरायचं होतं, त्याच मंडळाच्या तारांवर नीरेकाठचे आणि उजनीच्या फुगवट्याकाठचे शेतीपंप चालत होते.

घोड्यांचं बंदर

‘दाभोळ प्रकल्प’ हे नावही पुरतं खरं नाही. दाभोळ गाव खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, रानवी आणि वेलदूर या गावांच्या जमिनीवर उभा राहिला. नाव मात्र दाभोळचं मिळालं, कारण जुन्या जगात नाव होतं ते दाभोळचंच.

बहमनी काळात दाभोळ हे दख्खनचं समुद्राकडचं मोठं दार होतं. होर्मुझ आणि एडनहून घोडे यायचे, इकडून कापड आणि मसाले जायचे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बीदरपर्यंत भटकून परतीच्या जहाजात बसला तो दाभोळलाच. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा दीवच्या लढाईला निघाला असताना वाटेत दाभोळवर उतरला आणि त्याने शहर जाळून टाकलं. पुढे आदिलशाही, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचे सिद्दी, आंग्रे आणि पेशवे, ज्यांना कोकण किनाऱ्यावर सत्ता हवी होती त्या सगळ्यांना हे मुख हवं होतं. खाडीवर नजर ठेवणारा अंजनवेलचा किल्ला अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्यांनी घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव मिळालं.

गलबतांचे दिवस सरले, आगबोटी मुंबईकडे वळल्या आणि बंदर मागे पडलं. विसाव्या शतकातलं गुहागर हे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालणारं गाव. घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत, मागे भात, आंबा, काजू आणि खाडीतली मासेमारी. त्या मासेमारीलाही लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी खाडीत उतरू लागल्यापासून घरघर लागलेली. अशा जागी १९९२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून माणसं आली. त्यांना नदीचं पाणी नको होतं, मनुष्यबळही नको होतं. त्यांना हवा होता खोल समुद्र आणि धक्का, म्हणजे नेमकं तेच, ज्यासाठी होर्मुझचे व्यापारी इथे येत होते.

पाच दिवसांतला कागद

१९९१ मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी झालेल्या केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. गुंतवणुकीवर १६ टक्के परताव्याचं आश्वासन दिलं. सरकारी अधिकाऱ्यांचं पथक १९९२ च्या उन्हाळ्यात गुंतवणूकदार शोधायला परदेशी गेलं आणि त्याच जूनमध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधी मुंबईत दाखल झाले. जागा पाहिली, चर्चा केली आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करारावर सह्याही झाल्या. मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक. सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प, तोवरची देशातली सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक, आणि तिच्यासाठी दुसऱ्या कोणाकडून निविदाही मागवलेली नव्हती. प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी दहा. म्हणजे यंत्रं पुरवणारे आणि बांधकाम करणारे हेच मालकही होते.

इंधन ठरलं द्रवरूप नैसर्गिक वायू. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि मूळ आकारमानाच्या सहाशेव्या भागात मावतो. मग तो खास जहाजांतून समुद्रापार नेता येतो. धक्क्याला लागलेल्या जहाजातून तो टाक्यांत उतरवायचा, पुन्हा वायू करायचा आणि टर्बाइनमध्ये जाळायचा. जळालेल्या वायूची उष्णता वाया न घालवता तिच्यावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवायचं. तंत्र उत्तम होतं. कोळशापेक्षा प्रदूषण कमी, कार्यक्षमता जास्त. पण वायू येणार ओमान आणि अबू धाबीहून, त्याची किंमत डॉलरमध्ये, आणि ती बांधलेली खनिज तेलाच्या जागतिक भावाला. चंद्रपूर-नागपूरच्या कोळशावर चालणाऱ्या राज्याला रुपया आणि तेल या दोन्हींच्या चढउताराशी जोडण्याचा हा निर्णय होता.

जागतिक बँकेला हे पटलं नाही. १९९३ मध्ये तिने कर्ज द्यायला नकार दिला. कारण स्पष्ट होतं. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आहे आणि चोवीस तास चालवायचा तर महाग वायूची वीज स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूला सारेल. सल्ला फाईलमध्ये राहिला. मार्च १९९३ मध्ये, मुंबईतल्या दंगली आणि बॉम्बस्फोटांच्या त्या काळात, शरद पवार केंद्रातलं संरक्षण खातं सोडून मुख्यमंत्रिपदी परतले आणि त्यांच्या कारकिर्दीत ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करार झाला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉट, दोन्ही मिळून २,०१५, मुदत वीस वर्षं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने आणि सप्टेंबरात केंद्राने हमी दिली. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य देईल, राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल.

सगळा इतिहास या कराराच्या पोटात होता. वीजदराचे दोन भाग होते. इंधनाचा खर्च जसा येईल तसा मंडळाने द्यायचा. आणि त्याशिवाय क्षमतेचं भाडं, म्हणजे केंद्र ठरलेल्या प्रमाणात चालण्याच्या स्थितीत असलं की मंडळाने वीज घेतली काय आणि न घेतली काय, रक्कम ठरलेली. नीरा खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वीस वर्षांसाठी ट्रक ठरवला, ऊस असो नसो भाडं द्यायचं, डिझेल महागलं तर तेही आपल्याच माथी, आणि भाडं मोजायचं डॉलरमध्ये. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. तो तिथेच राहील असं गृहीत धरण्यासारखं त्या वेळीही काही नव्हतं.

हे आधीच ओळखणारी माणसं महाराष्ट्रात होती. पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेच्या गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराची आकडेमोड मांडून दाखवली. करार गोपनीय होता, तरी मिळतील त्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की ही वीज मंडळाला पेलणारी नाही. वीजदर हा तोवर इंजिनिअर आणि सचिवांचा विषय होता. तो लोकांनी वाचायचा विषय आहे, ही सवय महाराष्ट्राला लागायला इथून सुरुवात झाली.

बुडवला आणि वर काढला

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉनचा मुद्दा गावोगाव नेला. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गोपीनाथ मुंडे यांची गर्जना तेव्हाच्या प्रत्येक सभेत टाळ्या घेत होती. मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले. युतीचं सरकार अपक्षांच्या आधारावर उभं होतं. इंदापूरहून अपक्ष निवडून आलेले हर्षवर्धन पाटील त्याच सरकारात राज्यमंत्री झाले. विजेचं राजकारण पक्षांच्या कुंपणात मावत नाही, हे त्या वर्षाने दाखवलं. बारामतीच्या नेत्याच्या सरकारने केलेला करार मोडण्यासाठी आलेल्या मंत्रिमंडळात शेजारच्या तालुक्याचाही माणूस होता.

प्रकल्प तपासायला नेमलेल्या मुंडे समितीचा अहवाल कडक होता. स्पर्धा नाही, पारदर्शकता नाही, भांडवली खर्च फुगवलेला, कंपनीला अवाजवी सवलती. ३ ऑगस्ट १९९५ रोजी जोशींनी विधिमंडळात प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. अंजनवेलला पायाच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलं. हा पहिला थांबा. कंपनीने लंडनमध्ये लवादाची मागणी केली, सरकारने मुंबई उच्च न्यायालयात करारच अवैध ठरवा असा दावा लावला. अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर दोन कोटी डॉलर खर्च केल्याचं सांगितलं होतं आणि त्या शब्दाने महाराष्ट्रात खळबळ उडवली होती. लाचेचे आरोप पुष्कळ झाले, सिद्ध एकही झाला नाही.

तीन महिन्यांत वारं फिरलं. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. फेरवाटाघाटींची समिती नेमली गेली, तिने झपाट्याने काम उरकलं आणि जानेवारी १९९६ मध्ये सरकारने सुधारित प्रस्ताव मान्य केला. पहिला टप्पा ६९५ वरून ७४० मेगावॉट झाला, एकूण क्षमता २,०१५ वरून २,१८४ वर गेली. वायू येईपर्यंत पहिल्या टप्प्यासाठी डिस्टिलेट या तेलाऐवजी नाफ्था ठरला. दर २.४० रुपयांवरून १.८६ रुपयांवर आणल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं. पण मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं, नव्या करारात दोन्ही टप्पे बंधनकारक झाले. समुद्रात बुडवायला निघालेल्यांनी प्रकल्प आधीपेक्षा मोठा करून बाहेर काढला. मे १९९६ मध्ये तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने जाता जाता केंद्राच्या हमीलाही मंजुरी दिली. सरकारनेच लावलेला दावा सरकारनेच मागे घेतला. सिटू या कामगार संघटनेची आणि अभय मेहता यांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली आणि त्याच महिन्यात अंजनवेलचं काम पुन्हा सुरू झालं.

वेलदूरची पहाट

मुंबई-दिल्लीत हमीपत्रं फिरत असताना गुहागरमध्ये वेगळाच इतिहास घडत होता. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांची खाडी जाणार होती, त्यांना करारातला आकडा कोणी समजावून सांगितला नव्हता. गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होणार, पिण्याचं पाणी प्रकल्पाला किती आणि गावाला किती, कामं कोणाला मिळणार, हे त्यांचे प्रश्न होते. १९९७ मध्ये मोर्चे, धरणी आणि अटकसत्रं सतत चालू राहिली. मेधा पाटकर, मृणाल गोरे आणि माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील तिथे पोचले. जमावबंदीचे आदेश निघाले, लोकांना तालुक्यात यायलाही बंदी झाली.

३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले होते. घरांतून बायकांना ओढून काढून मारहाण झाली, कित्येकींना अटक झाली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये या घटनांवर अहवाल प्रसिद्ध केले. दुसऱ्या अहवालाचा रोख केवळ पोलिसांवर नव्हता. प्रकल्पाच्या बंदोबस्ताला ठेवलेल्या राज्य राखीव पोलीस दलाचा खर्च कंपनी देत होती, म्हणून या दडपणाची जबाबदारी कंपनीवरही येते, असं त्यात म्हटलं होतं. गुहागरच्या आंदोलनाने प्रकल्प थांबला नाही. पण कराराच्या हिशेबात न धरलेली एक किंमत त्याने जगापुढे मांडली.

वीज आली, गिऱ्हाईक उरलं नाही

१९९९ च्या मार्च-मे या दोन महिन्यांत वाशिष्ठीच्या दोन्ही टोकांना इंजिनिअरांनी गुलाल उधळला असेल. १३ मार्चला कोयना जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडणारं ‘लेक टॅपिंग’ यशस्वी झालं आणि १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा चालू होण्याचा मार्ग मोकळा झाला. १३ मे रोजी दाभोळच्या पहिल्या टप्प्याने व्यावसायिक उत्पादन सुरू केलं. एका बाजूला पाण्याची स्वस्त वीज, मागणी वाढेल तेव्हा क्षणात सुरू करता येणारी. दुसऱ्या बाजूला नाफ्थ्याची महाग वीज, चोवीस तास भाडं मागणारी. मंडळाने साहजिकच स्वस्त वीज आधी घ्यायला सुरुवात केली आणि तिथेच करार बोलू लागला. दाभोळकडून जितकी वीज कमी घ्यावी तितका तिचा दर युनिटमागे चढत जाई, कारण क्षमतेचं भाडं तेवढंच राही. २००० मध्ये तेल भडकलं, डॉलर ४५ रुपयांच्या पुढे गेला आणि काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांवर गेली. १.८६ रुपयांची जाहिरात करून चार वर्षंच झाली होती.

या बिलाची दुसरी बाजूही पाहायला हवी, आणि ती थेट बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत जाते. मंडळाचं सगळ्यांत मोठं गुपित शेतीपंपांत लपलेलं होतं. नीरेच्या कालव्यावर, विहिरींवर आणि उजनीच्या पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक मोटारींना मीटर नव्हते. बिल मोटारीच्या अश्वशक्तीवर. त्यामुळे मंडळाची किती वीज शेतात गेली आणि किती चोरीला किंवा गळतीला गेली, हे मंडळालाच ठाऊक नव्हतं. गळती पंधरा ते अठरा टक्के असल्याचं ते वर्षानुवर्षं सांगत आलं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगापुढे पहिली दरवाढ नेल्यावर ती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं उघड झालं. शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेली पुष्कळ वीज शेतकऱ्याने वापरलेलीच नव्हती. ज्या मंडळाला आपल्या तारांतून वाहणाऱ्या विजेचा हिशेब देता येत नव्हता, त्याने वीस वर्षांचा डॉलरमधला करार केला होता. एन्रॉनवर खापर फोडताना ही गोष्ट महाराष्ट्राने फारशी बोलून दाखवली नाही.

२००० च्या अखेरीपासून मंडळाची देणी थकली. विलासराव देशमुखांचं सरकार सत्तेवर होतं आणि त्यात काँग्रेसबरोबर राष्ट्रवादीही होती. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची हमी मागितली. मंडळानेही कराराच्याच कलमावर बोट ठेवलं. २८ जानेवारीला मागणी केल्यावर वीज केंद्र ठरलेल्या तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोचलं नाही, म्हणून ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला. दोन्ही बाजू आता वीज सोडून कागदावर लढत होत्या. एप्रिलमध्ये प्रकल्पाचा आढावा घ्यायला नेमलेल्या माधव गोडबोले समितीने आपला अहवाल दिला. तिचा निष्कर्ष एका पक्षाविरुद्ध नव्हता. एकामागून एक सरकारं, मंडळ आणि केंद्रातल्या यंत्रणा, सगळ्यांकडून कारभारात चुका झाल्या, असं तिने लिहिलं. मे महिन्यात मंडळाने करार मोडीत काढल्याचं कळवलं आणि २९ मे २००१ रोजी वीज केंद्र बंद पडलं. हा दुसरा थांबा. १,४४४ मेगावॉटचा दुसरा टप्पा नव्वद टक्क्यांहून जास्त बांधून झालेला होता. वायूची जहाजं यायच्या बेतात होती. २ डिसेंबरला एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. ती हिशेबातल्या लबाडीमुळे, दाभोळमुळे नव्हे. पण महाराष्ट्रात बहुतेकांना तो आपल्याच गोष्टीचा शेवट वाटला.

रत्नागिरीचं नवं नाव

चार वर्षं यंत्रं कोकणच्या खाऱ्या हवेत उभी राहिली. त्याच काळात राज्यात भारनियमन वाढत गेलं. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला तीन फेजची वीज रात्री मिळू लागली, मोटर चालू करायला बॅटरी घेऊन अंधारात शेतात जाणं हा रोजचा नेम झाला. २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्याला मोफत वीज दिली आणि पुढच्या वर्षी ती बंदही झाली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचेच तुकडे होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. चार वर्षांपूर्वी जी वीज नको म्हणून मोडीत काढली, तिची आता टंचाई होती.

८ जुलै २००५ रोजी एनटीपीसी, गेल, राज्य सरकारची कंपनी आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलशी तडजोड झाली. मे २००६ मध्ये केंद्र पुन्हा धुगधुगू लागलं, आधी नाफ्थ्यावर. टर्बाइनची दुखणीही मध्येच उद्भवली, त्यांच्या दुरुस्तीत दोन-तीन वर्षं गेली. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागरात सापडलेला वायू नळाने पश्चिम किनाऱ्यावर पोचला आणि दाभोळ पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पूर्ण क्षमतेने चाललं. राज्याला स्वस्त वीज मिळाली. हे चांगले दिवस फार टिकले नाहीत. त्या खोऱ्यातलं उत्पादन २०१० नंतर झपाट्याने घसरलं आणि २०१३ मध्ये वायू संपला. तिसरा थांबा. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेसाठी ५०० मेगावॉट वीज बनवून केंद्राने काही वर्षं तग धरला.

आयात वायू मिळत होता, पण मंडळाच्या जागी आलेल्या महावितरण या वितरण कंपनीला त्याची महाग वीज नको होती. आपल्या संमतीविना महाग वायूवर केंद्र तयार ठेवलं तर त्याचं क्षमतेचं भाडं आपण देणं लागत नाही, अशी भूमिका तिने घेतली. वाद केंद्रीय नियामक आयोगापुढे, मग अपील न्यायाधिकरणापुढे आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने महावितरणचं अपील फेटाळलं आणि क्षमतेचं भाडं द्यावं लागेल असा निर्णय दिला. मूळ करारावर सही झाल्याला महिनाभराने तीस वर्षं पूर्ण होणार होती. कंपनी बदलली, मालक सरकारी झाला, मंडळ तीन कंपन्यांत वाटलं गेलं, डॉलर ८३ रुपयांना भिडला. न्यायालयासमोरचा प्रश्न मात्र १९९३ चाच होता, न घेतलेल्या विजेचे पैसे कोणी द्यायचे?

जागेचं मात्र बरं झालं. वायू उतरवण्याचा धक्का आणि टाक्या आता कोकण एलएनजी या वेगळ्या कंपनीकडे आहेत. जहाजं येतात, वायू नळात जातो आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या दाभोळ-बंगळूरु वाहिनीतून कोल्हापूर, बेळगाव, धारवाडकडे, घाटमाथ्यापार कारखान्यांना पोचतो. घोडे जात होते त्याच दिशेने. बंदर म्हणून ही जागा निवडण्यात काही चूक नव्हती, हे पाच शतकांपूर्वीच कळलं होतं आणि आजही खरं आहे. यंत्रं निवडण्यातही चूक नव्हती. चूक एवढीच झाली की इंधन परक्याचं, चलन परक्याचं, आणि त्या दोन्हींच्या चढउताराची जोखीम मात्र सगळीच्या सगळी गिऱ्हाइकाची, असा कागद वाचल्यावाचून मान्य केला गेला.

आज माळेगावच्या किंवा सोमेश्वरच्या कारखान्यात उसाच्या चिपाडावर बनणारी वीज महावितरण घेते तीही करारानेच. सौर कृषिवाहिनीची वीज येते तीही करारानेच, आणि महिन्याच्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘इंधन समायोजन आकार’ असे दोन रकाने असतात तेही करारांचंच फळ. नव्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं की लोक मेगावॉट विचारतात. दाभोळच्या तीस वर्षांनंतर विचारायला हवं ते आधी दुसरंच: इंधन आलं नाही, भाव वाढला किंवा वीज लागलीच नाही, तर त्या दिवसाचे पैसे कोणाच्या बिलात येतील? हे कलम सही होण्याआधी लोकांपुढे आणलं नाही, तर पुढे कितीही समित्या नेमल्या तरी हिशेब गिऱ्हाइकाच्याच दारी येतो.